कारणाचा रकाना

हरिदास तळभंडारेला एखादी गोष्ट विचारली आणि उत्तर मिळालं नाही, असं आमच्या चाळीस वर्षांच्या ओळखीत झालेलं नाही. उत्तर बरोबर निघालं, असंही फारसं झालेलं नाही. पण त्याची तक्रार करायला कोणी परत येत नाही. लोकांना कारण लागतं. ते खरंच असावं असा त्यांचा हट्ट नसतो. हे हरिदासनं फार लवकर ओळखलं. त्या जोरावर जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीत त्यानं जे वजन मिळवलं, ते इथं बंगले बांधून बसलेल्या दोन प्राध्यापकांना आणि एका निवृत्त तहसीलदाराला मिळवता आलेलं नाही.

शेजारची बोअर अचानक आटली, तेव्हा हरिदास म्हणाला, “खालचा खडक कूस बदलालाय.” कुर्डुवाडीला गाडी पाऊण तास का थांबते, उन्हाळ्यात मीटरचा डबा का गुणगुणतो, यंदाच्या शेंगा खवट का लागतात, प्रत्येकाला त्याच्यापाशी एकच आणि ठाम कारण. ‘बहुतेक’, ‘कदाचित’ हे शब्द त्याच्या तोंडून मी ऐकलेले नाहीत. ‘मला माहीत नाही’ हे तर तो शिवीच्या जवळचं समजायचा.

मला याचा राग यायचा. मी सिद्धप्पा, मूळचा अक्कलकोटकडचा, घरात कन्नड बोलणारा माणूस. आमच्याकडे ज्याला माहीत नसतं तो गप्प बसतो. निदान माझे वडील बसायचे. पण हरिदासला असा घडवण्यात माझा हात आहे, नुसता हात नाही, सही आहे. म्हणून ही हकीकत दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मी सांगितलेली बरी.

आम्ही दोघं टेलिफोनमध्ये होतो. कुठल्या एक्सचेंजात ते सांगत नाही. पेन्शन खाणाऱ्यानं फार तपशिलात शिरू नये. हरिदास लाइनमन आणि मी टेस्ट डेस्कवर. तक्रार आली की मी बसल्या जागेवरून लाइन तपासायची. हरिदासनं सायकलवर शिडी टाकून जायचं, खांबावर चढायचं, दोष काढायचा आणि संध्याकाळी येऊन रजिस्टर भरायचं. रजिस्टरात शेवटचा रकाना होता, ‘दोषाचे कारण’. बाकी काही चुकलं तरी चालायचं, तो रकाना मोकळा चालायचा नाही. रकाना मोकळा म्हणजे तक्रार उघडी, आणि तक्रार उघडी म्हणजे सोमवारी साहेबांसमोर दोघांनी उभं राहून बोलणी खायची.

आता तारेचे अर्धे दोष आपोआप येतात आणि आपोआप जातात. हरिदास पोचेपर्यंत लाइन ठणठणीत. मग लिहायचं काय? आमच्या आधीच्या पिढीत कुणीतरी त्यावर तोड काढून ठेवली होती: ‘ओलावा’. तारेत ओलावा, डबीत ओलावा, केबलमध्ये ओलावा. लिहायला सोपा, तपासायला अवघड, आणि सुकला की पुरावा नाही. पावसाळ्यात हे खपून जायचं. पण सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. पिळलेलं धोतर दोरीवर टाकेपर्यंत वाळतं, त्या मे महिन्यातही आमच्या रजिस्टरात ओलावा धो धो वाहत असायचा. हरिदास लिहायचा, खाली मी सही करायचो. असं बत्तीस वर्षं चाललं. या दुष्काळी मुलखात एवढं पाणी येतं कुठून, हे वरच्यांपैकी एकानंही विचारलं नाही.

मग आम्ही निवृत्त झालो. रजिस्टर सुटलं, पण हरिदासची रकाना भरायची सवय काही सुटली नाही. कॉलनीच्या कट्ट्यावर बसून तो जगाचे रकाने भरू लागला.

बुद्धप्रिया ही त्याची एकुलती एक मुलगी. हरिदासचे वडील मोडनिंबला दुसऱ्यांच्या रानात राबले. त्या घरात पहिला पगार हरिदासनं आणला, पहिली पदवी या पोरीनं. पदवीवर ती थांबली नाही. पदार्थविज्ञान घेऊन पुढं शिकली आणि पुण्याकडच्या एका संस्थेत पीएचडीला लागली. विषय काय, म्हणून आम्ही विचारलं, तेव्हा तिनं सरळ सांगितलं होतं, “काका, गुरू हा ग्रह म्हणजे एक प्रचंड मोठं लोहचुंबक आहे. त्याच्याभोवती त्या चुंबकाचं आवरण आहे आणि त्यात विजेनं भारलेला विरळ वायू आहे. त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्या वायूत लाटा उठतात. तिथं फिरणाऱ्या यानानं त्या टिपल्यात. कुठली लाट कशानं उठली, हे मी बघते.”

संध्याकाळी कट्ट्यावर हरिदासनं त्याचं भाषांतर केलं. “गुरूवरची लाइन खराब हाय. आमची प्रिया ती तपासती.” कॉलनीला ते लगेच पटलं. मलाही, खोटं कशाला बोलू, तिच्यापेक्षा त्याचंच जास्त कळलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबर अखेर तिचा प्रबंध द्यायचा ठरला होता. दिला की जानेवारीत स्वीडनला नोकरी. तिथल्या लोकांनी तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण प्रबंध वेळेत आला तरच. हरिदासला धीर कुठला? त्यानं सप्टेंबरातच फ्लेक्स करायला टाकला. ‘डॉ. बुद्धप्रिया हरिदास तळभंडारे यांचे हार्दिक अभिनंदन’, शुभेच्छुक समस्त कॉलनी, मध्ये तिचा फोटो आणि मागं गुरू ग्रह. फ्लेक्सवाल्यानं चुकून शनी टाकला होता, कडीसकट. हरिदासनं तो बदलून घेतला. त्या एका बाबतीत तो बरोबर होता, हे नोंदवून ठेवतो.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती चार दिवस घरी आली. चेहरा उतरलेला. संध्याकाळी व्हरांड्यात लॅपटॉप उघडून बसली होती, म्हणून मी डोकावलो आणि मला हसू आवरेना. पडद्यावर लांबलचक तक्ता होता. एकेका ओळीत एकेक लाट, तारीख, वेळ, जागा, आणि शेवटी रकाना: कारण. सहाशे त्रेचाळीस ओळी. सहाशे सव्वीस भरलेल्या, सतरा मोकळ्या.

“या सतरा कशातच बसत नाहीत,” ती म्हणाली. “आमचे सर म्हणतात, हा यानाच्या स्वतःच्या यंत्राचा खरखराट आहे, तसं लिहा आणि प्रबंध देऊन टाका. पण यंत्राचाच असता तर सगळीकडे यायला हवा ना? हा फक्त गुरूच्या उत्तर ध्रुवावर येतो. बाकी कुठंच नाही.”

“ऐकव,” हरिदास म्हणाला.

त्या लाटांचा आवाज करून ऐकता येतो, हे मला तेव्हा कळलं. तिनं ऐकवला. हरिदासनं डोळे मिटले, मान थोडी कलती केली. खांबाला कान लावताना तो असाच उभा राहायचा. मला तर नुसतं कुणीतरी लांबून ताडपत्री ओढत नेतंय असं वाटलं. आवाज संपला. त्यानं डोळे उघडले.

“मशीनचा दोष हाय. भायेरचा न्हाय, घरातलाच.”

“कशावरून, पप्पा?”

“बत्तीस वर्सं तारा ऐकल्यात की. तुजं सर बराबर सांगत्यात. सतराच्या सतरा ओळीत लिव, मशीनचा खरखराट, आन बंद कर. ती परदेशातली जागा तुज्यासाटी थांबनार हाय का? रकाना मोकळा ठिवला की आक्की वही परत येती, हे ध्यानात ठिव.”

तिनं लॅपटॉप मिटला आणि आत गेली. मी घरी गेलो. मला हरिदासचा रागही आला होता आणि तो म्हणतोय ते बरोबर आहे असंही वाटत होतं. पोरीची नोकरी जायला नको, एवढंच माझ्याही मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला गेलो. बुद्धप्रियानं कप हातात दिला आणि हरिदास समोर असतानाच विचारलं, “काका, पप्पांचं निदान किती वेळा बरोबर निघायचं?”

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ अशी की चांगल्या सकाळची माती केल्याशिवाय तिला बरं वाटत नाही. मी तिला रजिस्टरचं सांगितलं. ओलाव्याचं सांगितलं. ती हसली. वहिनी आतून हसल्या. हरिदाससुद्धा हसला. मग हसण्याच्या भरात मी केराबाईचं सांगितलं, आणि तिथं मात्र हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला सांगता सांगता कळलं.

केराबाईचा हायवेच्या एका फाट्यावर एसटीडी बूथ होता. नवरा गेल्यावर खटपट करून तिनं तो मिळवला होता. रोज दुपारी चारच्या सुमाराला तिच्या लाइनवर अशी गुणगुण सुरू व्हायची की पलीकडचं अक्षर ऐकू येऊ नये. सहा वाजता आपोआप बंद. आणि बूथची खरी वेळ तीच. आसपासचे शेतकरी मार्केटचे भाव विचारायला चारनंतरच यायचे. तिनं तक्रार केली. हरिदास सकाळी गेला, कारण त्या बाजूची फेरी सकाळची असायची. लाइन ठणठणीत. ओलावा. माझी सही. पुन्हा तक्रार. पुन्हा सकाळची फेरी, पुन्हा ओलावा. असं आठ वेळा झालं. नवव्या वेळी बाई एसटीनं स्वतः एक्सचेंजात आली. वैशाखाचं ऊन. दारात उभी राहून हरिदासला म्हणाली, “सायेब, आमच्या घागरीत पानी न्हाय, तुमच्या तारंत कुटनं आलं?”

ती गेल्यावर आम्ही पोट धरून हसलो होतो. नववी नोंदही ओलाव्याचीच झाली. लोक दुसऱ्या बूथवर जायला लागले आणि दोन महिन्यांत तिनं फोन परत केला. सांगोल्याकडं भावाच्या घरी गेली, असं नंतर कळलं.

“आणि दोष काय होता?” बुद्धप्रियानं विचारलं.

मी हरिदासकडे पाहिलं. तो बिस्किट चहात बुडवत होता. ते तुटून कपात पडलं तरी त्याचा हात तसाच.

“चार वाजता तितं कोन गेलंच न्हाय,” तो म्हणाला. “काय हुतं, मला म्हाईत न्हाय.”

चाळीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. बुद्धप्रिया उठली, आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आम्हाला वाटलं, रागावली. दुपारच्या गाडीनं ती परत गेली.

पुढं जे झालं ते हळूहळू कळलं. तिनं सतराही ओळींत ‘कारण अज्ञात’ असं लिहून प्रबंध सरांपुढं ठेवला. सर चिडले. ज्याचं कारण माहीत नाही ते प्रबंधात ठेवायचं असेल तर आधी त्याचा नीट अभ्यास करा, म्हणाले. त्यांचंही काही चुकलं असं मी म्हणणार नाही. प्रबंध लांबला, थोडाथोडका नाही, सव्वा वर्षानं. स्वीडनची जागा कुणा दुसऱ्याला गेली.

इकडं फ्लेक्स तयार होऊन आला होता. हरिदासनं तो उलटा करून स्कूटरवर पांघरला. कॉलनीतले लोक भले; दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारायचं, “डॉक्टरीणबाई कधी होणार?” हरिदास म्हणायचा, “गुरू लांब हाय. तितनं कागदं याला टाइम लागतो.” लोकांना तेही पटायचं. पण रात्रीच्या जेवणाला दोन भाकरी खाणारा माणूस अर्धीवर आला, हे वहिनींनी मला सांगितलं. लेकीशी तो महिना-दीड महिना धड बोलला नाही. फोन आला की वहिनींच्या हातात द्यायचा. त्याला लागलं होतं ते नोकरीचं नव्हे. बत्तीस वर्षांचा अनुभव पोरीनं कवडीमोल ठरवला, याचं. मला त्याचं वाईट वाटलं आणि आतून थोडं बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

गेल्या हिवाळ्यात ती आली ती वेगळ्याच चेहऱ्यानं. तिचा प्रबंध झाला होता आणि त्या लाटांवरचा लेखही छापून येणार होता. दहा-बारा जणांच्या गटातली ती एक. जगात आणखीही लोक त्याच कोड्याच्या मागं होते. आम्ही तिघं कट्ट्यावर बसलो. हरिदास मान वळवून बसला होता, पण कान इकडंच होते.

“सांग तुज्या काकाला,” तो शेवटी म्हणाला. “आमच्या तारंच्या भाषेत सांग. त्याला दुसरं कळत न्हाय.”

समोरच्या दोन खांबांमध्ये तार होती आणि तिच्यावर साळुंक्यांची रांग बसली होती. तिनं तिकडं बोट केलं.

“गुरूच्या चुंबकाच्या रेषा म्हणजे ही ताणलेली तार समजा. आणि प्लाझ्माचे कण म्हणजे त्या साळुंक्या. आता दोन प्रकारे हालचाल होते. तार आडवी झुलते, तिच्याबरोबर साळुंक्याही झुलतात. ही संथ लाट. दुसरी, साळुंक्या तारेवरून इकडं-तिकडं सरकतात. दाटीत एकीला ढकललं की शेजारची लगेच उलट ढकलते, म्हणून ती हालचाल भराभर होते. झुलणं संथ, सरकणं जलद. दोन्हींत एवढं अंतर की गल्लत व्हायचं कारणच नाही.”

“मग?” हरिदास आता समोर वळला होता.

“मग त्या सतरा लाटा. त्या सरकण्याच्या होत्या, पण वेग मात्र झुलण्याचा. म्हणून कुणाचा विश्वास बसेना. आता बघा, गुरूच्या उत्तर ध्रुवावर तार विलक्षण ताणलेली आहे, कारण तिथं चुंबक फार जोरात आहे. आणि तारेवर साळुंक्या जवळजवळ नाहीतच. एक इथं, एक पार तिकडं. प्लाझ्मा इतका विरळ. अशा तारेवर एकीला ढकललं तर तिला उलट ढकलणारं कोण? ती सावकाश जाणार, सावकाश येणार. म्हणजे सरकणंच संथ झालं. इतकं संथ की झुलण्याच्या पट्ट्यात येऊन बसलं. मग झुलणं म्हणून निघालेली लाट वाटेत सरकणं होऊन जाते. एकच लाट, मध्येच स्वभाव बदलते. आणि तिला धक्का देतात ते ध्रुवावरून वर उसळणारे इलेक्ट्रॉनांचे झोत.”

हरिदासनं तारेकडं पाहिलं. “पाखरं कमी आसली की तार बोलती येगळी,” तो म्हणाला. “ह्ये बराबर हाय.” एवढंच. पुढं एक शब्द जोडला नाही. मला वाटलं त्याला बरं नाही.

मग कॉलनीनं सत्कार ठरवला. अध्यक्ष पृथ्वीराज, वय पंचेचाळीस, धंदा प्लॉटचा. सत्कार करायची संधी त्यानं आजवर सोडलेली नाही. स्कूटरवरचा फ्लेक्स काढून धुतला, ‘डॉ.’ आधीपासून होतंच. फक्त आरशाच्या जागी पडलेलं भोक बरोबर गुरूच्या पोटात आलं होतं. रविवारी सकाळी अकराला सभागृह भरलं. शाल, नारळ, फेटा; हरिदासलाही शाल, मलाही फेटा. पृथ्वीराजनं प्रास्ताविकात सांगितलं की आपल्या कॉलनीच्या कन्येनं अंतराळातल्या सर्व गूढ लहरींचा कायमचा उलगडा केला आहे.

बुद्धप्रिया बोलायला उभी राहिली. साळुंक्यांचं तिनं थोडक्यात सांगितलं, लोकांना आवडलं. शेवटी म्हणाली, “सतरापैकी चौदा लाटांचं कारण आम्हाला सापडलं. तीन अजून राहिल्यात. त्या कशामुळे आहेत ते मला माहीत नाही.”

सभागृहात चुळबूळ झाली. एवढी शाल घालायची आणि तीन माहीत नाहीत? पृथ्वीराजनं झटकन माइक घेतला आणि त्या तिन्हींचा शोधही येत्या वर्षात लागेल, असं कॉलनीच्या वतीनं आश्वासन देऊन टाकलं. मग म्हणाला, आता यशामागचे खरे मार्गदर्शक, आपले सर्वांचे हरिदासकाका.

हरिदास उठला. मी मनात म्हटलं, झालं, आता तीनही लाटांचं कारण दोन मिनिटांत ऐकायला मिळणार. त्यानं माइक हातात घेतला.

“मी कसला मार्गदर्शक,” तो म्हणाला. “मी तिला खोटं लिवायला सांगितलं हुतं.”

लोक हसले.

“हसू नगा. ह्या सतराच्या सतरा, मशीनचा दोष हाय म्हनून लिव आन बंद कर, आसं मी सांगितलं. मला कायबी कळलं नव्हतं. आमी जलमभर त्येच केलं. मी लिवायचो, ह्यो सिद्धप्पा सही करायचा.” सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मी फेट्याखाली घामाघूम. “नशीब म्हना, पोरीनं माजं ऐकलं न्हाय. ऐकलं आसतं तर आज ह्यातलं कायच नसतं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या मागं कुणीतरी म्हणालं, “केवढा मोठा माणूस, बघा, सगळं श्रेय लेकीला.” पहिल्या रांगेतले तहसीलदार डोळे टिपत होते. हरिदास भांबावला.

“आवो, मी खरं सांगालोय!” तो माइकमध्ये ओरडला, तशा टाळ्या आणखी वाढल्या.

तेव्हा बुद्धप्रिया खुर्चीवरून उठली आणि तिनं त्याच्या हातातला माइक हलकेच घेतला.

“पप्पा खरं सांगतायत,” ती म्हणाली. “त्यांनी मला तसंच सांगितलं होतं.”

टाळ्या एकेक करून थांबल्या. पृथ्वीराज हातातला दुसरा नारळ कुठं ठेवावा ते बघू लागला.

“पण त्यांना एक गोष्ट माहीत नाही. मी ऐकलं होतं त्यांचं. त्याच संध्याकाळी आत जाऊन सोळा ओळींत ‘यंत्राचा खरखराट’ असं लिहिलं. सतराव्या ओळीला आईनं जेवायला हाक मारली. सकाळी ती लिहून सरांना पाठवणार होते. मग चहा पिताना केराबाईंची गोष्ट ऐकली, आणि पप्पांना ‘मला माहीत नाही’ असं म्हणताना ऐकलं. आत जाऊन सगळं पुसलं.”

केराबाई कोण, हे त्या सभागृहात आम्हा चौघांनाच ठाऊक होतं. कुणी टाळी वाजवली नाही. हरिदास मंचावरून खाली आला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला. शाल एका खांद्यावरून लोंबत होती.

“सोळा म्हनली का रं?” त्यानं मला हळूच विचारलं.

“हो. सोळा.”

“मला वाटलं हुतं, ती माजं कवाच ऐकत न्हाय.”

मग तो रडायला लागला, लहान पोरासारखा, आवाज करून. पृथ्वीराजनं घाईघाईनं खूण केली आणि राष्ट्रगीत सुरू झालं. खुर्च्या सरकल्या, सगळे उभे राहिले. हरिदासही उभा राहिला, दोन्ही हात बाजूला सरळ ठेवून, डोळे न पुसता.